दहा सेंटिमीटरची रेघ

कुमुदताई माणसाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या चपलांकडे. आमच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत जाताना चपला दाराबाहेर काढाव्या लागत. सकाळी नऊला त्या यायच्या, पदर खोचायच्या आणि त्या रांगेपुढे उभ्या राहून मंडईत वांगी निवडावीत तशा एकेक जोड न्याहाळायच्या. "ही बघ, पट्टा ब्लेडनं कापलाय. ही तर बाईची नाहीच, नवऱ्याची आहे, स्वतःचीत पाय मावेना म्हणून घालून आली. आणि ही नवीकोरी, पण नुसती टाचेपाशी झिजलीय. चवड्यावर भार देतच नाही ही." मग आत जाऊन त्या खुर्चीत बसायच्या आणि एकेकाला हाक मारायच्या. दहातल्या नऊ वेळा कुठली चप्पल कुणाची हे त्यांना न विचारता कळलेलं असायचं.

मी तिथं रक्त काढायला होते. नवरा इथल्या सरकारी कारखान्यात बदलून आला आणि मी कराडची पोर झाशीत येऊन पडले. मराठी ऐकायला मिळेल म्हणून मी या बाईशी मैत्री केली, खरं सांगायचं तर दुसरं काही कारण नव्हतं. पहिले सहा महिने मला त्यांचा रागच यायचा. माझ्याकडे यंत्र होतं, त्यातून आकडा यायचा, आकड्याला कुणी उलट बोलत नसे. यांच्याकडे काय, तर दोन अंगठे. पण डॉक्टर माझा आकडा खिशात घालायचे आणि त्यांना विचारायचे, "कुमुदजी, आप क्या कहती हैं?" मला ते झोंबायचं.

त्यांचं काम सांधे मोजायचं. संधिवाताचा जो वाईट प्रकार असतो, ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, त्याचे नवे रुग्ण आमच्याकडे यायचे. आजार लागून वर्ष व्हायच्या आत धरला तर सांधे वाचतात. उशीर झाला की हाडं खाल्ली जातात आणि मग ती कुणाच्या बापाला सरळ करता येत नाहीत. म्हणून दर तीन महिन्यांनी मोजणी. बोटांचे, मनगटांचे, कोपरांचे, खांद्यांचे, गुडघ्यांचे मिळून अठ्ठावीस सांधे. प्रत्येक दाबायचा, दुखतो का बघायचं, सुजलाय का बघायचं. दाबायचं ते आपल्या अंगठ्याचं नख पांढरं होईल इतकंच, कमी नाही, जास्त नाही. "नख पांढरं झालं की थांब," त्या सांगायच्या. "त्यापुढे दाबशील तर दगडपण ओरडेल."

दुखरे सांधे किती, सुजलेले किती, माझ्या यंत्राचा आकडा किती, हे तीन खण झाले. चौथा खण रुग्णाचा स्वतःचा. कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला 'काही त्रास नाही', उजव्या टोकाला 'याहून वाईट असूच शकत नाही'. या आठवड्यात तुम्ही कुठे आहात तिथं काट मारायची. मग कुमुदताई कंपासपेटीतली कोपरा तुटलेली पट्टी लावून ते मोजायच्या. चारही खणांत एकाच्या वर काही आलं नाही तर डॉक्टर लिहायचे, रेमिशन. लागोपाठ दोनदा तसं आलं की औषध कमी व्हायचं.

रुग्ण विचारायचे, मतलब ठीक हो गए? कुमुदताई म्हणायच्या, नाही. मला मराठीत सांगितलं होतं ते असं, "बरं होणं वेगळं गं. हा नको असलेला पाहुणा आहे, तो ओसरीवर झोपलाय. गेला नाही. आपण भांड्यांचा आवाज करायचा नाही, एवढंच." ओसरी, फडताळ, गडू, असले शब्द त्यांच्या तोंडात असायचे आणि लगेच पुढच्या वाक्यात 'जल्दी कर' आणि 'बिलकुल'. ओरछा गेटजवळ त्यांचं घर, पूर्वज कधीकाळी भिक्षुकीला म्हणून दक्षिणेतून आले ते इथलेच झाले. घरात थोरला भाऊ आणि वहिनी. भावाची मुलं शिकून बंगलोरला गेलेली. कुमुदताईंनी लग्न केलं नाही, का ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

चौथ्या खणावर त्यांचा सगळ्यात कमी विश्वास आणि सगळ्यात जास्त जीव. एकदा चिरगाँवची एक सून आली होती, पंचविशीची, बरोबर सासू. पोरीनं रेघेच्या अगदी डाव्या टोकाला काट मारली. शून्य. कुमुदताईंनी कागद बघितला, पट्टी लावलीच नाही. "अम्माजी, ज़रा बाहर देख आइए, दीवार पर आपका नंबर लग गया क्या," म्हणाल्या. आमच्याकडे भिंतीवर कसलेच नंबर लागत नसत. म्हातारी गेली. यांनी दार लोटलं, दुसरा कोरा कागद ठेवला आणि कणीक कोण मळतं ते तिच्याच बोलीत विचारलं, "आटा कौन माड़त?"

"हमईं माड़त."

"उँगली दुखत?"

"दुखत तो है, बाई. अम्मा से नईं कइयो."

पोरीनं दुसऱ्या कागदावर काट मारली ती सातावर. कुमुदताईंनी पहिला कागद फाडला. नंतर मला म्हणाल्या, "घरचं माणूस खोलीत असेल तर बाईचं शून्य धरायचं नाही. आधी त्याला बाहेर काढ, मग रेघ दे. हे पाठ करून ठेव, शैला." मी हो म्हटलं. एवढंसं तर होतं पाठ करायला.

उलट तऱ्हेचेही असायचे. बरुआसागरचे एक म्हातारेबुवा अद्रक पिकवायचे. दोन वर्षांत आजाराचं नाव नाही, सूज नाही, रक्त स्वच्छ, तरी काट मात्र दर वेळी दोनावर. विचारलं तर म्हणे, पूरा ठीक लिख दें तो नजर लग जात. त्या एका दोनापायी बिचाऱ्याचं औषध कमी होईना. कुमुदताईंनी काय करावं? पेनानं कागदाच्या कोपऱ्यात एक मोठा काळा ठिपका काढला, बाळाच्या गालावर काढतात तसा, आणि म्हणाल्या, आता लिहा. बुवांनी ठिपका नीट निरखला आणि शून्यावर काट मारली. पुढे डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, कुमुदजी, हर तीसरे फॉर्म पर ये स्याही कैसे गिरती है? त्या म्हणाल्या, पेन खराब है, सर.

भांडण फक्त एकाच गोष्टीवरून व्हायचं, पायांवरून. त्या अठ्ठावीसात पाय नाहीत. घोटा नाही, चवडा नाही, पायाची बोटं नाहीत. जगभर असंच मोजतात, डॉक्टर म्हणायचे, आणि ते काही खोटं बोलत नव्हते. पण कुमुदताईंना ते सोसायचं नाही. हात कोराकरकरीत आणि बाहेर चप्पल कापलेली, असं झालं की त्या फॉर्मच्या तळाशी पेन्सिलीनं लिहायच्या, 'पाय'. आणि पुढे आकडा. डॉक्टर तो वाचायचे, पण बेरजेत धरायचे नाहीत. "पेन्सिलीचं बेरजेत येत नाही," त्या मला कुत्सितपणे म्हणायच्या, आणि पुढच्या फॉर्मवर पुन्हा लिहायच्या.

मग त्यांना स्वतःलाच झालं. कसं कळलं तेही त्यांच्यासारखंच. एका बाईची करंगळी दाबत होत्या, नख पांढरं झालं, आणि बाईच्या आधी त्यांनीच हात मागे घेतला. बाई बघत राहिली. त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःचा अंगठा चाचपला, मुळाशी, मग मनगट, मग दुसरा अंगठा. तोंडानं मोजत होत्या. मग त्या बाईची राहिलेली मोजणी पूर्ण केली, माझ्या खोलीत आल्या आणि बाही वर सरकवून हात पुढे केला. "काढ रक्त. तीन महिन्यांच्या वर झालं असणार. मी ते धुण्याच्या साबणावर ढकलत होते, मूर्खासारखी."

डॉक्टरांनी आठवड्याची गोळी सुरू केली, सोमवारी. मंगळवारी त्या उलट्या करायच्या आणि बुधवारी कामावर हजर. मला म्हणाल्या, "गुडघे जाऊ देत, खांदे जाऊ देत. हे दोन राहू देत फक्त," आणि दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले. अंगठे गेले तर त्या कोण होत्या? ओरछा गेटच्या घरात भावाच्या आधारानं राहणारी आणखी एक म्हातारी. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

आता त्यांचे सांधे मोजणार कोण? स्वतःचे स्वतः मोजून चालत नाही. डॉक्टर घाईत, दोन मिनिटांत उरकायचे. "तू मोज," त्या म्हणाल्या. महिनाभर दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला शिकवलं. कच्चा पेरू म्हणजे हाड, पिकला पेरू म्हणजे सूज, हे बोटाला कळेपर्यंत रोज. मी चुकले की माझ्या मनगटावर पट्टी मारायच्या. शाळेतसुद्धा मी इतका मार खाल्ला नव्हता.

घरी सगळं वहिनींवर आलं. वहिनी म्हणजे चौसष्ट वर्षांची किरकोळ बाई. कणीक त्याच मळायच्या, कुमुदताईंची वेणी त्याच घालायच्या, सकाळी बोटं उघडत नसत तेव्हा गरम पाण्यात धरून बसायच्या. वर त्यांनी नवस बोलला. वन्सं, तुमचं ते रेमिशन का काय ते येईपर्यंत मी सोमवार निरंकार करणार. पाण्याचा थेंब नाही, झाशीच्या मे महिन्यातसुद्धा. एकदा त्या ओट्याशी चक्कर येऊन पडल्या, कपाळाला खोक पडली. कुमुदताई ओरडल्या, भाऊ ओरडले, काही उपयोग झाला नाही. नवस तो नवस.

सात-आठ महिन्यांनी मोजणीचा दिवस सोमवारी आला. कुमुदताई आत आल्या, मागून वहिनी, ओठ सुकलेले, हातात पिशवी. मला वहिनींचं कौतुक वाटायचं. चैत्रातलं हळदीकुंकू असो की गणपतीची आरती, झाशीत मराठी बायका त्या किती, बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यात मला पहिल्या वर्षी घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या याच. मी स्टूल ओढून दिलं आणि म्हटलं, बसा वहिनी.

मी दाबत गेले, त्या 'नाही' म्हणत गेल्या. दाबताना तोंडाकडे बघायचं असतं, तेही त्यांनीच शिकवलेलं. मी बघितलं. तोंडावर काही नव्हतं. उजवं मनगट मला किंचित पिकलेलं वाटलं, पण मी शिकाऊ, म्हटलं जुनं असेल. माझ्या यंत्राचा आकडा आधीच आलेला होता, एकाच्या खाली. मग मी रेघ पुढे केली. त्यांनी पेन घेतलं, एकदा वहिनींकडे बघितलं आणि डाव्या टोकावर काट मारली.

वीस वर्षं ज्या बाईनं कुणाच्या शून्यावर विश्वास ठेवला नाही, तिचं शून्य मी हसत हसत लिहून घेतलं. चिरगाँवच्या सासूला बाहेर काढताना आम्हाला काही वाटलं नाही. पण वहिनींना, जरा बाहेर बसता का, असं कसं म्हणायचं? आपल्या माणसाला? ते माझ्या मनात आलंच नाही. आणि दाराबाहेर जाऊन चपला बघायचंही आलं नाही. पायांचं पेन्सिलीनं मी काही लिहिलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा वहिनी स्टुलावर, पुन्हा शून्य, आणि तोही सोमवारच. डॉक्टरांनी रेमिशन लिहिलं, गोळ्या निम्म्या केल्या. मी धावत जाऊन समोरच्या दुकानातून पेढे आणले. वहिनींनी पेढा तोंडात घातला आणि तिथंच रडायला लागल्या. कुमुदताई त्यांना पाणी पाजत होत्या, ग्लास दोन्ही तळव्यांत धरून. बोटांत नाही, तळव्यांत. मी ते बघितलं, आणि मला वाटलं, प्रेमानं धरलाय.

पाच महिन्यांत होत्याचं नव्हतं झालं. एका सकाळी त्या मोजायला बसल्या आणि रुग्णाच्या बोटावर अंगठा ठेवून तशाच राहिल्या. दाबताच येईना. डॉक्टरांनी फोटो काढायला लावले, हातांचे आणि या वेळी पायांचेही. पायांची हाडं सगळ्यात आधी खाल्ली गेली होती, चवड्यात, बोटांच्या मुळाशी, वर्षाच्या वर होऊन गेलं असणार. औषध वाढवलं, इंजेक्शनं लावली. आग कमी झाली असेल, पण अंगठे मागे वळले ते वळले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि फॉर्मच्या तळाशी पेनानं लिहिलं, 'पाय'. आता काय कपाळ.

मी त्यांना स्वच्छ विचारलं. मला राग आवरत नव्हता, त्यांचा का माझा, देव जाणे. "खोटं लिहिलंत तुम्ही. तुम्ही."

"हो."

"का?"

"वहिनी मरून गेल्या असत्या गं. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा शुद्धीवर यायला दहा मिनिटं लागली. मला वाटलं, माझं मला मालूम आहे, मी मोजणारी, थोडं सोसून सांभाळीन. मग बघू." पुढे म्हणाल्या, "आणि तू त्यांना बाहेर पाठवशील असंही वाटलं होतं. दोन्ही वेळा वाट बघितली मी."

 

तुटक्या कोपऱ्याची ती पट्टी त्यांनी मला दिली आणि घरी बसल्या. खुर्ची मला मिळाली. मी चपला बघते, सासवांना बाहेर काढते, नवऱ्यांना तर हमखास काढते. लोक मला खवट म्हणतात, म्हणोत.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्याआधीचा श्रावण. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते, सकाळी अकराच्या सुमारास. कुमुदताई कॉटवर उशीला टेकून बसलेल्या, हात मांडीवर उलथे पडलेले, आल्याच्या गड्ड्यासारखी बोटं. वहिनी दोन बशांत पोहे घेऊन आल्या, एक मला, एक स्वतःला, आणि वन्संना भरवायला वाटी वेगळी. त्या श्रावणी सोमवारी वहिनी सकाळी अकरा वाजता पोहे खात होत्या, कारण त्यांना सांगितलेलं होतं की आजार केव्हाच झोपला, ही नुसती त्यानं खाऊन टाकलेली हाडं राहिलीत. आणि इंजेक्शनं नुसती ताकदीची आहेत. आम्ही तिघांनी मिळून सांगितलं होतं, भाऊ, कुमुदताई आणि मी.

"कशा आहात?" मी विचारलं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

मी बशी खाली ठेवली. "वहिनी, जरा बाहेर बसता का पाच मिनिटं? मोजणी करायचीय."

वहिनींना लागलं ते, चेहऱ्यावर दिसलं. पण त्या आपली बशी उचलून ओसरीवर गेल्या. मी दार लोटलं आणि वळले तर कुमुदताई माझ्याकडे बघून हसत होत्या. कितीतरी दिवसांनी.

"शिकलीस," त्या म्हणाल्या.

मी पिशवीतून फॉर्म काढला, वहीवर ठेवून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पेन दोन्ही तळव्यांत पकडलं. पेन घसरलं, मी उचलून दिलं. घाम आला त्यांना. मग रेघेवर हळूहळू सरकवत नेलं, मधोमधून पुढे, आणखी पुढे, आणि काट मारली. मी त्यांचीच पट्टी लावली. साडेनऊ. त्यांनी आकडा वाचला आणि मान हलवली, मोजणी बरोबर आहे अशी.

"फाडून टाक," त्या म्हणाल्या.

मी फाडला, तुकडे पिशवीत टाकले आणि दार उघडलं. वहिनी ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या, पोह्यांचा घास बोटांत तसाच. इतका वेळ त्या खायच्या थांबल्या होत्या.

"पाहुणा झोपलेला आहे ना गं अजून?" त्यांनी विचारलं.

"झोपलेला आहे," मी म्हटलं. "खा तुम्ही."